आधी कौल लावायचा

आमच्या वाडीची काळकाई माझ्याशी बोलत नाही, हे मी गेल्या उन्हाळ्यात मनाशी पक्कं करून टाकलं होतं. इतरांशी बोलते. कुणाची म्हैस हरवते, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, कुणाला मुंबईत राहावं की गावी यावं ते कळत नाही. मग गुरवमामा देवीच्या पाषाणाला डाव्या-उजव्या अंगाला फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि देवळात बसलेली माणसं टक लावून बघत राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. यालाच कौल लावणं म्हणतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी हे बघत होते, पण स्वतः काही विचारायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. विचारायला आमचे हे असायचे. मी मागे पदर सावरून उभी राहायचे आणि सगळं आटोपून चहा कधी मिळतो याची वाट बघायचे.

हे गेले त्याला दोन पावसाळे झाले. डोंबिवलीची आमची भाड्याची खोली एकटीला मोठी वाटू लागली. ती किती लहान होती हे ज्यांनी पाहिलीय त्यांना विचारा. मुलगा पुण्याला असतो. त्याने आग्रह केला म्हणून काही महिने त्याच्याकडे राहून आले. सून वाईट नाही. वाईट असती तर भांडणात तरी दिवस गेले असते. ती मला पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून द्यायची आणि मी पाहुणीसारखी तो रिकामा करून परत द्यायचे. त्या घरात माझं काही अडत नव्हतं आणि माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. एके दिवशी दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालताना मला वाटलं, मी आत्ता इथून उठून गेले तर या घराला संध्याकाळच्या दुधापर्यंत पत्ता लागणार नाही. त्याच दिवशी मी मनात ठरवलं की गावी घर बांधायचं आणि तिथेच राहायचं.

गाव म्हणजे पोलादपूर तालुक्यात, कापडे गावापासून आत डोंगराला चिकटलेली वाडी. सासऱ्यांच्या घराचं छप्पर केव्हाच गेलं होतं, पण जोतं शाबूत होतं आणि दगडमातीच्या भिंती छातीइतक्या उभ्या होत्या. ह्यांनी आयुष्यभर त्या भिंतींची काळजी केली आणि बांधायचं मात्र पुढे ढकललं. वाडीत घरं बरीच आहेत, पण बहुतेकांना कुलूप. ती गणपतीला उघडतात, शिमग्याला उघडतात, मग मुंबईच्या गाड्या निघतात आणि मागे म्हातारी माणसं आणि कुत्री उरतात. तिथे एकटी बाई काय करणार, असं सगळ्यांनी विचारलं. मी आपली शिमग्याला गेले आणि गवंडी ठरवून आले.

जुन्याच दगडांनी, मातीतच, गवंड्यांनी भिंती वर नेल्या. वरच्या लाकूडकामाला गणपत सुतार. ते नात्याने माझे धाकटे दीर लागतात, मी त्यांना भावोजी म्हणते. छपरासाठी महाडच्या एका दुकानात मी निळे पत्रे सांगून ठेवले होते. हे भावोजींना सांगायचं राहून गेलं, कारण मी तेव्हा डोंबिवलीत खोली आवरत होते. त्यातच एकदा त्यांचा फोन आला.

"वयनी, भिती झाल्या. आता वर काय करायचं?"

आमच्या घरची एक रीत आहे. छपराचा मधला मोठा वासा, ज्याला आढं म्हणतात, तो चढवायच्या आधी काळकाईला विचारायचं. मी म्हणाले, "भावोजी, आधी कौल लावायचा. मग बाकीचं."

नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली. तिकडे वाडीत फोनला रेंज मिळायची तर चिंचेखाली उभं राहावं लागतं, तीही अर्धीमुर्धी. भावोजी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मीही निर्धास्त झाले.

सामान घेऊन वाडीत पोचले तर आढं चढलेलं होतं. नुसतं चढलेलं नाही, त्यावर वासे बसले होते आणि वाशांवर आडव्या लाकडी रिपा ठोकून झाल्या होत्या, एकमेकींना अगदी जवळजवळ. पत्र्याला इतक्या रिपा कशाला लागतात? एवढं लाकूड कौलारू घरालाच लागतं. मी सामान खाली ठेवायच्या आधी भांडायला सुरुवात केली.

"तुमीच बोललात, आधी कौलं लावायची," भावोजी म्हणाले. "मी बी म्हटलं, आता कौलं कोण लावतंय? पन वयनीची हौस असंल."

"कौल लावायचा म्हणाले मी! देवीला! कौलं नाही!"

त्यांनी वर छपराकडे बघितलं. "मंग आढं चढवलं त्याचं काय?" त्यांनी हळूच विचारलं. आता मात्र त्यांचा चेहरा उतरला होता. देवीला न विचारता आढं चढलं होतं, आणि तेही माझ्याच तोंडच्या शब्दावर.

दुसऱ्या दिवशी देवळात गेले. गुरवमामांनी पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बाय, तुजी लेक दारात आली हाय. एकटी हाय. घरात ऱ्हावं का म्हणून इचारते. काय असंल तो कौल दे." माझा खरा प्रश्न तोच होता. घर बांधू का हे मला विचारायचंच नव्हतं. मी इथे एकटी राहू का, एवढंच विचारायचं होतं. आम्ही बसून राहिलो. उन्हं गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि मागे सरकली. उजवी पाकळी हलली नाही, डावीही हलली नाही. दोन्ही तिथेच सुकल्या. "आई बोलत नाय," मामा म्हणाले. "थांब जरा." कशासाठी थांबायचं आणि किती, ते त्यांनाही सांगता येईना. मी नारळ तिथेच ठेवला आणि घरी आले. ह्यांनी विचारलं असतं तर ती बोलली असती, असं वाटून मला ह्यांचाही राग आला.

त्यानंतर सगळंच रखडत गेलं. दुकानात पत्र्यांचा माल नव्हता. माल आला तेव्हा टेम्पो नव्हता. टेम्पो मिळाला तर पाऊस लवकर सुरू झाला आणि वाडीच्या कच्च्या रस्त्याची राड झाली. पुढे ओढ्याला मोठं पाणी आलं आणि खालचा साकवच, म्हणजे वाडीत यायचा छोटा पूल, वाहून गेला. आता महाडहून पत्रे काय, माणूसही वाडीत येऊ शकत नव्हता. भावोजींनी छपरावर ताडपत्र्या बांधून दिल्या होत्या. वाऱ्याने त्यांच्या चिंध्या केल्या. मागच्या कोपऱ्यात एक तुकडा टिकला, त्याखाली माझी खाट, चूल आणि ट्रंक. भावोजींनी आणि जाऊबाईंनी घरी बोलावलं, पण मी हट्टाने गेले नाही. स्वतःच्या घरात राहीन म्हणून आले होते ना, मग राहिले.

त्या दिवसांतला एकटेपणा मला नीट सांगता येणार नाही. ह्यांच्यामागे डोंबिवलीत एकटी होते, पण तिथे भिंतीपलीकडे कुणाचा तरी टीव्ही चालू असायचा. इथे पावसात पायवाटेने कुणी फिरकत नाही. लावणी चालू असल्यामुळे ज्यांच्या अंगात बळ आहे ती माणसं शेतात, बाकीची चुलीपाशी. ओढ्यापलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीचा हॉर्न तेवढा ऐकू यायचा. मी त्याच्यावर चहाची वेळ धरत असे. साकव नेणाऱ्या पुराने पलीकडचा रस्ताही खचला, एसटी बंद झाली आणि तोही आवाज गेला. मग एके दिवशी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी एक शब्द बोललेले नाही. मोठ्याने स्वतःचंच नाव घेऊन बघितलं. दुसऱ्याच कुणीतरी घेतल्यासारखं वाटलं आणि मी पदरात तोंड खुपसून रडले.

दगडमातीच्या भिंतीत वरून पाणी शिरलं की आतली माती फुगते. पश्चिमेच्या भिंतीला पोट आलं. भावोजींनी लाकडाचे टेकू दिले, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वयनी, पाऊस असाच लागला तर ही बसंल. ही बसली तर आढं पन खाली. आता तरी चला माझ्याकडं." चिंचेखाली जाऊन मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "आई, रस्ता सुरू झाला की मी घ्यायला येतो. घराचं दिवाळीनंतर बघू." तो प्रेमानेच म्हणाला. पण मला कळत होतं की हे घर एकदा बसलं की दिवाळीनंतर कुणी काही बघणार नाही. मी पुण्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालीन आणि त्या भिंती पुन्हा कधी उभ्या राहणार नाहीत. ह्यांचं जे काही या जगात उरलं होतं ते तेवढंच होतं.

त्या दुपारी मी ट्रंक भरली. भरता भरता काळकाईला मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्याने बोलले. म्हटलं, नाही म्हणायचं होतं तर डावी पाकळी पाडायचीस. मी ऐकलं असतं, तुझ्या दारातून उलट पावली गेले असते. पण गप्प बसून हे असं भिजवून काढायचं, ही कुठली रीत? मी परक्याची म्हणून बोलत नाहीस का? ह्यांच्या मागून उभी राहणारीला आवाज नसतो का? एवढं बोलून झालं आणि दमून खाटेवर बसले. मग एकदम वाटलं, जाऊ दे. मला नाही जमत. तुला ठेवायचं तर ठेव, घालवायचं तर घालव. ते रागाने म्हटलं की थकून, मला आजही सांगता येत नाही. त्यात भक्ती होती असं तर मी मुळीच म्हणणार नाही.

थोड्या वेळाने दारात, म्हणजे जिथे दार बसणार होतं तिथे, एक म्हातारी उभी दिसली. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात काठी. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिचं रेडकू सुटलं होतं, ते शोधत ती वरच्या वाडीतून खाली उतरली होती. वरची वाडी आमच्याच अंगाला आहे, मध्ये ओढा नाही, पण चढ असा की आमच्याकडून सहसा कुणी जात नाही. तिने मला नाव-गाव विचारलं नाही. ती वर बघत होती.

"ह्या रिपा कौलाच्या हायत," ती म्हणाली.

"हो."

"मंग कौलं कुठं हायत?"

"नाहीत. चुकून ठोकल्यात. पत्रे येणार होते."

"चुकून कशा ठोकल्या गो?"

किती दिवसांनी कुणी मला काही विचारत होतं. मी तिला सगळं सांगितलं, फोन, कुकरची शिट्टी, न पडलेल्या पाकळ्या, सगळं. ती उंबऱ्यावर टेकून ऐकत राहिली. मध्ये हसली नाही, हळहळली नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "माझ्याकडं हायत कौलं. माझ्या घराची. पोरांनी गेल्या साली पत्रे घातले, तवा उतरवून मागच्या पडवीत रचली. तवापासनं बसलीत नुसती, माझ्यासारखी."

मी म्हटलं, तुम्हाला लागतील.

"कुठं लागतात? पत्रे बरे हायत, गळत नाय." मग म्हणाली, "पन पाऊस लागला का पत्रे असे वाजतात, काय सुदीक ऐकू येत नाय गो. भांडं पडलं तरी नाय. कोण हाक मारतंय का नाय, कळत नाय. उगाच आपली दार उघडून बघते." असं म्हणून तिने काठीने वर रिपेला हळूच टोचून बघितलं. "घेऊन जा. एक कर फकस्त. पाऊस लागला का मी येऊन बसेन, माझ्या कौलाखाली."

तिचं नाव ताराबाय. रेडकू माझ्याच मागीलदारी शेवग्याखाली उभं होतं. ते तिने हाकत नेलं आणि मी तशीच भिजत भावोजींकडे धावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडीप होती. ती पडणार असं कुणी सांगितलं नव्हतं. लावणीची माणसं, त्यांत बायाच जास्त, कोपरापर्यंत चिखलाचे हात ओढ्यावर धुऊन आली. वरच्या वाडीपासून आमच्या घरापर्यंत पाखाडीच्या पायऱ्यांवर थोड्या थोड्या अंतराने उभी राहिली आणि कौलं हातोहात खाली येऊ लागली. वर पडवीत ताराबाय एकेक कौल फडक्याने पुसून देत होती. कुणी म्हणालं, "आजे, पुसतेस कशाला, वर जाऊन भिजायचीच हायत." ती म्हणाली, "लेक सासरी धाडताना न्हाऊ घालतात का नाय?" ओळीत हशा पिकला. मी शेवटच्या पायरीवर उभी होते. प्रत्येक कौल माझ्या हातून भावोजींच्या शिडीकडे जात होतं. जुनी कौलं, शेवाळ धरलेली, उन्हापावसाने काळी पडलेली. वरून भावोजी ओरडले, "बघा वयनी! तुमी बोललात तसंच केलं ना मी?" एवढ्या दिवसांत ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. रिपा तयार नसत्या तर ती कौलं अंगणात रचून ठेवण्यापलीकडे आम्ही काही करू शकलो नसतो, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

कौलं सगळ्या छपराला पुरली नाहीत. चुलीच्या कोपऱ्यावर कमी पडली, तिथे ताडपत्रीच राहिली आणि पुढे तेवढ्यापुरता महाडचा एक निळा पत्रा आला. पण पश्चिमेची भिंत झाकली गेली. माणसं चहा पिऊन परत शेतात गेली आणि तिन्हीसांजेला पाऊस आला. मी खाटेवर बसून ऐकत होते. कौलांवरचा पाऊस बोलू देतो. दगडावर ठेवलेल्या भांड्याचा आवाज येतो, चुलीतल्या लाकडाचा येतो, बाहेर कुणी खाकरलं तर तोही येतो. बाहेर कुणीतरी खाकरलं. खोळ झटकत ताराबाय आत आली, भिंतीला पाठ लावून बसली आणि डोळे मिटून वरचा आवाज ऐकत राहिली. मला रडू आलं, तेही तिला ऐकू गेलं असणार.

साकव झाल्यावर मुलगा मला न्यायला आला. जेवला, भिंतीचं पोट बघून काळजीने डोकं हलवलं, आणि एकटाच परत गेला. भिंतीचं पोट अजून आहे. मी त्यावर कॅलेंडर टांगलंय. मी आता एकटी नाही, असंही म्हणवत नाही. पाऊस उघडला की ताराबाय आपल्या घरी जाते आणि गणपती झाले की वाडीतली कुलपं पुन्हा लागतात. ह्यांची आठवण येते ती येतेच. पण आता माझ्या तोंडून दिवसाकाठी शब्द फुटतो, आणि कुणी हाक मारली तर मला ऐकू येते.

या सगळ्याचा सरळ अर्थ लावता येतो. रेंज नव्हती, शिट्टी झाली, सुताराने भलतंच ऐकलं, एका म्हातारीचं रेडकू सुटलं. मला कुणाशी वाद घालायचा नाही. पण भावोजींनी चुकीचं ऐकलं असं जे मी गावभर सांगत सुटले होते, ते सांगणं मी बंद केलं. माझ्या तोंडून निघालेला शब्द माझ्या आधी कुणीतरी ऐकला होता आणि मी देवळाच्या पायरीवर पोचायच्या आत रिपा ठोकायला माणूस लावला होता, असं मला वाटतं. मी मात्र पाकळीकडे बघत बसले होते. त्या गप्प राहिलेल्या आईचे मी किती उपकार मानू, हे मला कळत नाही. रोज सकाळी दिवा लावते तेव्हा फक्त वर बघते.

नवरात्रात ओटी भरायला देवळात गेले. ताराबाय बाहेर पायरीवर पाय दुखतात म्हणून बसली होती. गुरवमामांना उन्हाळ्यातलं आठवत होतं. ओटी देवीपुढे ठेवून ते म्हणाले, "तवा आई बोलली नव्हती तुझ्याशी. आता लावू काय कौल? राहू का म्हणून इचार परत."

मी पाषाणाकडे बघितलं. मग म्हटलं, "नको मामा. तिने एकदा सांगितलेलं तिला परत सांगायला लावू नये."